पोळ्याचं बाशिंग आणि भाऊजींचं लग्न

आमच्या गावात पोळ्याला बैलावर लिहायचं काम माझं. कुणी दिलं नाही, मीच घेतलं. लग्न होऊन हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या या खेड्यात आले तेव्हा सगळ्या बैलांच्या अंगावर एकच, ‘बळीराजाचा विजय असो’. असो बापडा, पण बैलाला स्वतःचं काही म्हणायचं असेल की नाही? मी आमच्या पांढऱ्या बैलाच्या पोटावर गेरूने लिहिलं, ‘मालक रात्रभर लाईटची वाट बघतो, मी निवांत झोपतो. बैल कोण?’ अख्खं गाव लोटलं वाचायला. पुढच्या वर्षी, गुरं उकिरड्यावरच्या कॅरीबॅगा खातात म्हणून लिहिलं, ‘पोळी द्या, पिशवी नको.’ तेव्हापासून मी रंगाची वाटी घेतली की शेजारच्या बायका काम सोडून येतात. मला याची फुशारकी आहे, असू द्या.

बैल सांभाळतात माझे दीर. माझे यजमान हिंगोलीला एका दुकानात कामाला, शेती सगळी भाऊजींवर. तेहतीस वर्षांचं माणूस, सुपारीचंही व्यसन नाही, पण लग्न जमेना. मुलीकडच्यांचा एकच प्रश्न, नोकरी काय करता? शेती म्हटलं की अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे. अशी अकरा स्थळं गेली. मला मुलींचा राग नव्हता. शेतातलं ऊन मी रोज खाते, एखादीला नको वाटलं तर तिचं काय चुकलं? राग यायचा तो याचा, की गल्लीगल्लीत अशी बिनलग्नाची पोरं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

त्या पोळ्याला मी तो शब्द काढायचं ठरवलं. आमच्याकडे पोळ्याला बैलांना बाशिंग बांधतात, मारुतीसमोरच्या तोरणाखाली उभं करतात आणि चक्क मंगलाष्टकं म्हणून अक्षता टाकतात. भाऊजी हारफुलं आणायला गेले होते. मी बैलाच्या डाव्या अंगावर लिहिलं, ‘माझं लग्न दरवर्षी, मालकाचं कधी?’ आदल्या साली गेरू पुसटला होता, म्हणून शिंगांचा उरलेला ऑईल पेंट वापरला. सुकल्यावर वरून झूल टाकली आणि निघायच्या वेळी हळूच मागे सरकवली.

भाऊजी बैलाच्या उजव्या बाजूने दोर धरून चालले. लोक हसून राहिले, टाळ्या देऊन राहिले, आणि हे बिचारे बैल छान सजला म्हणून मान ताठ करून चाललेले. मी ओट्यावर बायकांत, हसून हसून पुरेवाट. मंगलाष्टकं झाली आणि माइकवरून आवाज आला, “नवरदेवाचं आटपलं, आता मालकाला पाटावर घ्या.” तेव्हा कुठे ते पलीकडे जाऊन वाचू लागले. वाचलं, बाशिंग सरळ केलं आणि बैल घेऊन घरी आले.

पुरणपोळीला हात लावला नाही. मी म्हटलं, “भाऊजी, मस्करी होती.” तर म्हणाले, “वहिनी, बैलाला वाचता येत न्हाई म्हणून तुमी त्याच्यावर लिवलं. मला येते वाचता.”

गावाचा प्रश्न मांडते म्हणून मी मिरवत होते, आणि मांडला होता आपल्याच घरातला माणूस. फार लाज वाटली.

ते बैल धुवायला बसले. ऑईल पेंट कुठला निघतो? मी रॉकेलची बाटली पुढे केली. “कातडी भाजंल त्याची,” म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. मग खोबरेल तेल आणि चिंधी घेऊन एकेक अक्षर पुसत बसले, अधूनमधून बैलाच्या गळ्याखाली खाजवत. दिवेलागणीपर्यंत ‘माझं लग्न दरवर्षी’ गेलं. ‘मालकाचं कधी?’ तेवढं राहिलं. एवढ्यात फोटो गावाच्या ग्रुपवरून कुठल्या कुठे पोचला होता. सेनगावकडे बाराव्या स्थळाची बोलणी चालली होती, त्यांचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला, तमाशा करणारं घर नको म्हणून. भाऊजींनी तो ऐकून घेतला आणि वैरण टाकायला गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी मला फोन आला. आखाडा बाळापूरकडची मुलगी, मामा आमच्या गावातला, नंबर त्याच्याकडून घेतलेला. शिवणकाम करते म्हणाली. मला वाटलं, हसायला केला असेल.

“ते बैलावर तुमीच लिवलं का?”

“व्हय. चुकलं माझं.”

“मालक चिडले?”

“लई. जेवले न्हाईत.”

“मग बैलाला मारलं का?”

“मारतील काहून? तीन दिवस झाले, खोबरेल तेल लावून पुसून राहिले.”

मी फोन कानाला घट्ट धरून उभी. मग ती म्हणाली, “रविवारी आमी येतो बघायला. त्यांना म्हणा, नोकरीचं कुणी इचारणार न्हाई.”

मी फोन ठेवला आणि गोठ्यात गेले. भाऊजी अजून त्या ‘कधी’वर चिंधी फिरवत होते. मी म्हटलं, “राहू द्या ते. रविवारी.”