कोपरा फाडलेलं कार्ड

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझी बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नाही, आणि चूक माझी होती. हे आज लिहिते आहे तसं तेव्हा म्हणता आलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

आई गेली ती भादव्यात. एकोडीजवळच्या आमच्या गावात मी आईपाशी होते, बाई सिहोऱ्याला सासरी. फोन केला तेव्हा ती म्हणाली, "निघून राहिली मी. मी येयेपर्यंत मायले उचलू नोका." आभाळ भरून आलेलं, दिवस कलत चाललेला, आणि दिवस मावळल्यावर सरण पेटवत नाहीत. गावातले जाणते माझ्याकडे बघत होते. भाऊ आम्हाला नाही, वडील आधीच गेलेले. मी म्हणाले, उचला. बाई पोचली तेव्हा तलावाच्या पाळीपलीकडे, मातीच्या बांधामागे, सरण अर्धं जळालं होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "माय तुह्या एकटीची होती का?" आणि आल्या पावली परत गेली.

नंतर मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. मग मीही म्हटलं, राहू दे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो आमच्या घराण्याचाच गुण.

मागच्या पौषात तिच्या सुनेचा फोन आला. बाईला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आजार पोटात पसरला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी म्हणाले, उद्याच येते. सून अडखळत म्हणाली, "मावशी, आईले विचारलं मी. ते काहीच नाई बोलली." मला राग आला. मरायला टेकली तरी अढी सुटत नाही म्हणजे काय! हा राग कोणावर होता ते मला चांगलंच ठाऊक होतं.

लाखांदूरला मी शाळेत शिकवते. मुलांकडून भेटकार्डं करून घेण्यात माझा हातखंडा आहे. म्हटलं, बोलणं जमत नाही तर कार्ड करू. रविवारी एस.टी.नं गावी गेले. कागदाच्या पुडीत पाळीवरचा लाल मुरूम घेतला, बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, मूठभर तणस, वाळला पेंढा घेतला. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमधून लाखोरीचं डाळीचं पीक निळं फुललं होतं. लहानपणी बाई मला पाठुंगळी घेऊन त्याच पाळीवरून शिंगाडे आणायला न्यायची. तलाव तेवढाच होता. आमचं घर मात्र बसलं होतं, नुसता ओटा उरला होता.

घरी येऊन जाड कागद घेतला. मुरूम डिंकात कालवून पाळ केली. तणसाच्या काड्या चिकटवून बांध्या आखल्या, त्यांत लाखोरीचे निळे ठिपके दिले. देवीचं ठाणं, मोहाचं झाड, सगळं जिथल्या तिथे उतरलं. उजव्या कोपऱ्यात, पाळीच्या टोकाला, आईला बसवायचं होतं. बाईला शेवटचं जे दिसलं नव्हतं ते मला तिला द्यायचं होतं.

चेहरा जमेना. काढला, खोडला, पुन्हा काढला. एकदा कोणी शेजारीणच वाटली, एकदा मीच वाटले. खोडून खोडून कागदाची साल निघाली. माझा राग नाकावर असतो. आईसकट तो कोपरा मी टरकन फाडला. मग बघितलं तर बाकीचं चित्र छान दिसत होतं, म्हणून तसंच ठेवलं. आत काय लिहावं ते सुचलं नाही. "चूक झाली" हे दोन शब्द हातून उतरेनात. नावही न घालता कार्ड पाकिटात घातलं, आणि शेजारची काकू डोळे दाखवायला नागपूरला जात होती तिच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात असताना फोन वाजला. पलीकडे सून. "मावशी? तुमीच बोलून राहिल्या का?"

"मीच. काहून?"

ती रडायलाच लागली. काकूनं घाईत "लाखांदूरहून आलं" एवढंच म्हणून दिलेलं पाकीट तिनं बाईच्या हातात ठेवलं होतं आणि ती औषधं आणायला खाली गेली होती. परत येते तो खाट रिकामी. बाई न्हाणीत बसून बादलीतलं गार पाणी अंगावर घेत होती, आणि कार्डाचे तुकडे मोरीत पडले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे पूर्वी कोणी गेलं की पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. ते घरात ठेवायचं नाही. वाचायचं, फाडायचं आणि अंग धुवायचं. फोन आले, ती कार्डं बंद झाली, मी विसरले. बाई विसरली नव्हती. माहेरचा तलाव, फाटका कोपरा, अक्षर एक नाही. आणि माहेरचं म्हणायला जगात उरलं होतं कोण? मी एकटी.

संध्याकाळी पोचले. ती तापानं फणफणली होती. माझा हात धरून तिनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"कोपरा काहून फाडला?"

"मायचा चेहरा जमून नाही राहिला होता, बाई."

"मले बी आता आठवत नाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "पानी लय गार होतं."

सहा वर्षांचं मी सगळं बोलायचं ठरवून गेले होते. तिचा डोळा लागला म्हणून उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध गेली. डॉक्टर घरी न्या म्हणाले, तसं तिला सिहोऱ्याला हलवलं आणि मी कपडे आणायला लाखांदूरला आले. मध्यरात्री ती गेली.

लाखांदूरहून सिहोरा म्हणजे तीन गाड्या बदलायच्या. त्यातली एक चुकली. पोचले तेव्हा दिवस कलला होता. अंगणात माणसं ताटकळून बसली होती आणि बाई अजून ओसरीतच होती. गावचे म्हातारे कुरकुरत होते. सून दाराला पाठ लावून उभी होती, कोणाला आत जाऊ देत नव्हती. मला बघून म्हणाली, "आईनं त्या दिवशी न्हाणीतून आनल्यावर, तुमी जित्या आहात समजल्यावर, मले शपथ घातली होती मावशी. ते येयेपर्यंत मले उचलू नोका म्हनून."

मी तिचा चेहरा पोटभर पाहिला. मग त्यांनी तिला उचललं. नंतर नदीवर जाऊन मी अंग धुतलं. पाणी फार गार होतं.