घरी शिवलेला पट्टा

ज्या वर्षी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस खाल्ला, त्या वर्षी नेरच्या माझ्या दुकानात नवं कापड येणंच थांबलं. यायच्या त्या जुन्या पँटी, कंबर बारीक करायला. मला वेळच वेळ होता, आणि रिकामा शिंपी काय करेल याचा नेम नाही.

बायकोला त्याआधीच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅक येऊन गेला होता. जीव वाचला, पण पायांतली ताकद गेली. पाटावरून उठायलाही माझा खांदा लागायचा, आणि तिला ध्यास एकच, पायमशीन पुन्हा चालवायची. म्हणून आम्ही एसटीनं यवतमाळला व्यायामाला जायचो. तिथली फिजिओथेरपीवाली पोरगी तिच्या मांडीला वर रुंद पट्टा बांधायची, त्यात हवा भरून दाब बघायची आणि पायाला हलकं वजन लावून गुडघा सरळ करायला सांगायची. पट्ट्यानं रक्त थोडं अडतं, पुरतं नाही. त्यामुळे वजन हलकं असूनही स्नायूला जड काम केल्यासारखं होतं, असं तिनं समजावलं होतं. दाब प्रत्येकाचा वेगळा, म्हणून घरी काही बांधायचं नाही, हेही सांगितलं होतं.

मी ऐकलं ते पट्ट्यापुरतं. माप तर नजरेनंच घेतलं. कॅनव्हास, आत अस्तर, चिकटणारी पट्टी, काठाला दुहेरी शिलाई. इतकं सुबक काम मी नवरदेवाच्या कोटावरही केलं नसेल. बायको पाहून म्हणाली, "खिसा ठेवाचा राह्यला." पण बांधू दिला. जरा वेळानं पाय जांभळट पडला, मुंग्या आल्या. मी घाबरून पट्टा ओढून काढला. रंग परतला तशी ती म्हणाली, "आता तुमीच सांगा त्या पोरीले. नाही तं मी सांगीन."

दुसऱ्याच दिवशी पट्टा पिशवीत घालून नेला. पोरीनं आधी पाय तपासला. ठीक होता. मग पट्टा उलटापालटा करत तिनं शांतपणे विचारलं, "काका, एवढी घाई कशाची?"

मी फार बोलणारा माणूस नाही, गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी सांगून टाकलं. लग्नसराईत ही दम लागतो म्हणत होती, आणि मी म्हणत होतो, एवढे ब्लाउज होऊ दे, मग जाऊ. दवाखान्यात डॉक्टरांनी त्रास कधीपासून असं विचारलं, तेव्हाही मी आजपासूनच म्हणून सांगितलं.

बायको खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "तिथं खाटेवर मीच तं होती. आता रडू नका, पट्टा वला होईल."

पोरगी आधी हसली, मग मला चांगलं रागावली. माझा पट्टा तिनं जप्त केला आणि जाताना स्वतःचा उसवलेला पट्टा शिवायला दिला. शिवायचा, बांधायचा नाही, असं बजावून.

दिवाळीच्या तोंडावर बायको मशीनवर बसली. आधी हळू, मग नेहमीच्या लयीत. मी तिला सांगून ठेवलं होतं, दम लागला की लगेच बोलायचं. परवा ती शिलाई अर्ध्यात थांबवून म्हणाली, "दम लागला." मी कापडात कात्री तशीच ठेवून उठलो, चप्पल शोधू लागलो.

"बसा," ती म्हणाली. "उठता का नाही, पाहून राह्यली होती."

आणि पुन्हा मशीन चालू झाली.