साडेसहा-सोळाचे टायर

वडिलांचे गुडघे क्लच दाबायला नाही म्हणू लागले, तेव्हा त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात दिली. भावाला नाही, मला. भाऊ वापीला नोकरीला, आणि त्याला गाडी म्हटली की एसी लागतो. मी मात्र डहाणूची चिकूवाडी बघत होते, शिवाय गंजाडच्या पुढे डोंगराच्या उताराला आमची आंब्याची आणि भाजीची जमीन होती, तीही. जीप वयाने माझ्याहून थोडीच लहान. पॉवर स्टिअरिंग नाही, दारं कापडाची. पण चारही चाकांना जोर लावणारा तिचा छोटा दांडा अजून ठणठणीत होता. टायरांचं मात्र आयुष्य संपलं होतं. कडांना भाजलेल्या रताळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या.

ही २०१६ची गोष्ट. पावसाळा तोंडावर आला होता, आणि त्याच सुमारास काकींनी चक्की घेतली.

काकी म्हणजे आमच्या जमिनीच्या वरच्या पाड्यावरच्या. भाजीच्या दिवसांत आमच्याकडे कामाला येत आणि कामापेक्षा जास्त बोलत. पाड्यावर वीज आली तशी त्यांनी बायकांचा बचत गट उभा केला, आणि गटाने पिठाची चक्की विकत घेतली. तोवर दळण डोक्यावर घेऊन ओहोळ ओलांडून गंजाडला जावं लागायचं, आणि पावसात परत येताना अर्धं पीठ भिजून त्याचा गोळा व्हायचा. चक्की गंजाडपर्यंत आली आणि तिथेच अडकली. टेंपोवाला वरचा रस्ता बघून परत गेला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, चढणीच्या वळणावर ट्रॉली आडवी जाईल, मी नाही येणार. मग वळवाच्या सरी सुरू झाल्या. चक्की एका ओळखीच्यांच्या पडवीत प्लास्टिक पांघरून बसली.

"बाय, तुझी गाडी चढंल का?" काकींनी एक दिवस विचारलं.

"या टायरांवर नाही चढणार," मी म्हटलं. "पण टायर बदलायचेच आहेत."

बोलून गेले खरी, पण कोणते टायर घ्यायचे ते मला कुठे ठाऊक होतं!

चारोटीला हायवेवर टायरचं मोठं दुकान आहे. मालक गुजराती, हौशी माणूस. जीप बघून त्याचे डोळे चमकले. "बेन, पहोळा टायर नाखो, गाडीनो वट पडशे!" रुंद टायर लावा, गाडी रुबाबदार दिसेल. त्याने आतून एक रुंद, फुगीर टायर लोटत आणला. दिसायला खरंच देखणा. त्याला रिमसुद्धा वेगळी लागणार होती, लहान आणि चमकणारी.

"चिखलात कसा?" मी विचारलं.

"चिखलात एकदम मस्त. तरंगे, बेन, तरंगे!"

ते "तरंगे" माझ्या डोक्यात खटकलं. पाड्याच्या वाटेवर वर वीतभर चिकणमातीचा राडा, पण त्याखाली घट्ट मुरूम आहे. तिथे तरंगून काय करायचं? चाकाने चिखल कापून खाली मुरमाला पाय टेकायला हवा. आणि आमची गाडी तरंगत निघाली तर वळणावर सरळ ओहोळातच जाणार.

म्हणजे अरुंद टायर. जीपला मुळात होते ते सहा-सोळा; सहा इंच रुंदी आणि सोळा इंचाची रिम. तेच पुन्हा घ्यावेत तर दुसरी अडचण होती. नांगरटीला जाणाऱ्या बिनट्रॉलीच्या ट्रॅक्टरांनी त्या वाटेवर दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, आणि मधल्या उंचवट्यावर जीपचं पोट घासायचं. गाडी थोडी तरी उंच हवी होती. या जुन्या मापांत रुंदीचा आकडा वाढला की टायरची उंचीही वाढते. दुकानदाराकडे पिकअपला लागतात ते सात-सोळा तयार पडून होते. "हे घेऊन जा, उंचच उंच होईल," तो म्हणाला. मी हो म्हणणारच होते. पण टायरची उंची मोजून घेतली आणि घरी आले.

घरी आल्यावर शिवणाची टेप काढली. वडील व्हरांड्यातून बघत होते. "झगा शिवतेस काय तिला?"

"मोठा टायर आत बसतो का बघतेय."

"बसेल की. केवढी जागा आहे!"

"उभी असताना जागा आहे. खड्ड्यात चाक वर गेल्यावर किती उरते?"

ते उठले. चप्पल घालून खाली आले. वाडीच्या बांधाशी एक मोठा दगड होता, त्यावर मी पुढचं एक चाक चढवलं. जीप तिरकी झाली, त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे दबले आणि चाक मडगार्डच्या पोटात शिरलं. वडिलांना आत बसवलं आणि म्हटलं, आता स्टिअरिंग पूर्ण फिरवा. ते दात ओठ खात एकदा डावीकडे फिरवायचे, एकदा उजवीकडे, आणि मी मातीत आडवी पडून टेप लावत होते. दोन्ही बाजूंना झाल्यावर हिशेब स्पष्ट झाला. सात-सोळा लावले असते तर पूर्ण वळणावर टायर पाट्याला घासला असता आणि खड्ड्यात मडगार्डला. आणि एवढं मोठं चाक फिरवताना म्हाताऱ्या इंजिनाची चढणीवर दमछाक झाली असती ती वेगळीच. मधलं माप होतं ना पण: साडेसहा-सोळा. तो बसत होता. वर बोटभर जागा ठेवून बसत होता.

"साडेसहा," मी मातीतूनच ओरडले.

"साडेसहा मिळतो का कुठे?" वडील म्हणाले.

दुकानात नव्हता. मागवावा लागेल, म्हणाला. मागवा, म्हटलं. खोल नक्षीचे, आणि चारही एकसारखे हवेत. पुढे एक माप, मागे एक माप असलं तर चारही चाकं एकत्र ओढताना आतले गिअर एकमेकांशी भांडतात. स्टेपनीही त्याच मापाची. दुकानदार म्हणाला, "बेन, तुम्ही फार हट्टी." पण त्याने मागवले.

टायर आले, बसले, आणि सगळे हसले. शेजारच्या वाडीतला चुलतभाऊ त्याची रुंद चाकांची जीप घेऊन मुद्दाम बघायला आला. "हे काय, बैलगाडीची चाकं लावलीस?" माझंही मन जरा खट्टू झालं. जीप खरंच काटकुळी दिसत होती, उंच पायांच्या बगळ्यासारखी.

भाताची आवणी आटोपत आली तेव्हा एका सकाळी पावसाने उघडीप दिली. चक्की जीपच्या मागे चढवली, मोटर वेगळी, दगड वेगळे, सगळं दोरांनी आवळलं. चुलतभाऊही आपली जीप घेऊन मागोमाग आला होता, "मदतीला". काकी माझ्या शेजारी बसल्या. ओहोळ सहज ओलांडला. चढणीच्या पायथ्याशी मी थांबले, उतरले आणि चारही टायरांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे रबर जमिनीला जास्त धरेल. मग छोटा दांडा ओढला, सर्वांत हलका गिअर टाकला आणि निघाले.

पहिला टप्पा गेला. मधला उंचवटा पोटाखालून न घासता गेला. मी कान टवकारून ऐकत होते. मग वळण आलं. तिथे पाणी वाहून चिखल अगदी लोण्यासारखा झाला होता. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. कुठेही घासलं नाही. पण मागचं चाक सटकलं, जीपची शेपटी ओहोळाच्या बाजूला वळली, आणि काकींनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे काही दिवस तिथे निळं होतं.

"बाय, उतरू का गं?"

"बसा. तुमच्या वजनाची गरज आहे."

मी पाय घाईने दाबला नाही. चाकं हळूहळू फिरू दिली, स्टिअरिंग थोडं डावी-उजवी हलवत राहिले. चिखल चाकांच्या बाजूंनी वर आला, चाकं खाली जात राहिली, आणि मग ते जाणवलं. बुडाला जाणवलं, हातांना जाणवलं. टायरांना मुरूम लागला. गाडीने एक हिसका दिला आणि ती वर निघाली, सरळ, घरंगळत नाही, घसरत नाही, जशी पायऱ्या चढतेय.

वर पाड्यावर बायका उभ्या होत्या. त्यांनी जो गलका केला तो खाली गंजाडपर्यंत ऐकू गेला असेल. मी इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. काकी उतरल्या, चिखलाने भरलेल्या चाकावर थाप मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "बघा, हिनंच निवडलेत. हसत होते सगळे!" मागून चुलतभाऊ गुडघ्यापर्यंत चिखलात पायी चढत येत होता. त्याची जीप वळणावर आडवी होऊन उभी राहिली होती. आल्या आल्या त्याने चाकाकडे बघितलं आणि विचारलं, "माप काय म्हणालीस?"

दुपारपर्यंत वायरमनने जोडणी केली. नव्या दगडांवरचं पहिलं पीठ किरकिरीत निघतं, ते कोंबड्यांना टाकलं. त्यानंतरची नागली, म्हणजे नाचणी, मऊ, गरम, काळपट लाल पडू लागली. बायकांनी पीठ हातात घेऊन एकमेकींच्या गालांना लावलं, माझ्याही. एकीने तिथेच चूल पेटवून भाकरी थापली. आम्ही ती हिरव्या मिरचीच्या ठेच्यासोबत उभ्याउभ्याच खाल्ली.

निघताना बायका म्हणाल्या, आम्हाला बसव. बसतील तेवढ्या बसल्या. उतारावर मी गाडी त्याच हलक्या गिअरमध्ये ठेवली, ब्रेकला पायही लावला नाही, आणि जीप शहाण्यासारखी एकेक पाऊल टाकत उतरली. वळणावर आम्ही चुलतभावाच्या गाडीला दोर बांधला आणि ती चिखलातून ओढून काढली. गंजाडच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागे बायका गात होत्या, टेंपोवाला त्याच्या टेंपोला टेकून उभा होता, आणि मी हॉर्न वाजवला. लांब, भरपूर लांब वाजवला.