सहावा डबा

फोन आला तेव्हा मी लिलावात उभा होतो. समोर ओल्या मिरचीचा ढीग होता आणि भावावरून एका शेतकऱ्याशी माझी चांगलीच जुंपली होती. पलीकडून माझा दोस्त हनीफ याची मुलगी शबाना म्हणाली, "काका, अब्बा गेले. चहा प्यायले, खुर्चीत बसले आणि..." मी तिच्यावरही ओरडलो. "नीट बघ. चूक झाली असेल!" सकाळचे अकरा वाजले होते. ढिगावर हात ठेवून मी तसाच उभा राहिलो. पहिला विचार हनीफचा आला नाही, हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. मनात आलं, नंबर तर माझा होता.

माझ्या हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे. सुरतेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, ती मी दोनदा पुढे ढकलली. आयुष्यभर मी समोरच्याला घाम फोडला. डोक्याला फडकं बांधून पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या उघड्या मैदानात, मिरच्या उलटवणारा मजूर होतो, तिथून स्वतःच्या आडतीपर्यंत आलो. पण त्या डॉक्टरांसमोर तोंडून शब्द फुटला नाही. हनीफ म्हणाला होता, "मी येस तुन्हासंगे. बाहेर बाकडावर बसस. तू आत झोप निवांत." तो बाकड्यावर बसणार होता आणि मी आत जाणार होतो. तोच आधी गेला.

मृत्यूकडूनही चूक होते, ही गोष्ट माझ्या डोक्यात त्यानेच घातली. गावातलं टॉकीज बंद पडल्यावर तिथे सिनेमाचं मशीन चालवणारा हनीफ शिलाई मशीन दुरुस्त करू लागला, पण पडद्याची खोड काही सुटली नाही. वीसेक वर्षांपूर्वी सुरतेच्या एका भंगारवाल्याकडे त्याला लहान प्रोजेक्टर आणि सहा डब्यांतला एक जुना इंग्रजी सिनेमा दिसला. भाव करायला तो मला घेऊन गेला. सिनेमा महायुद्धाच्या काळातला, विलायतेत काढलेला होता. एका वैमानिकाचं विमान जळतं, तो खाली पडतो. त्याला न्यायला वरून माणूस येतो, पण धुक्यात त्यांची चुकामूक होते. वैमानिक वाचतो, एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि मग वरच्या कचेरीला चूक कळते. तिथे खटला उभा राहतो, खाली डॉक्टर त्याचं डोकं उघडून बसतात. रिळाचे रंग उडून सगळं लालसर झालं होतं. हनीफ म्हणायचा, हा सिनेमाबी आपल्या मिरचीमा वाळेल शे.

हंगाम आटोपला की दरवर्षी माझ्या पथारीच्या भिंतीवर तो चादर बांधायचा. दिवेलागणीला माणसं गोणपाटं घेऊन येत, बायका पोरांना कडेवर घेऊन येत. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. हनीफ माईक धरून सगळ्यांचे संवाद अहिराणीत बोलायचा. त्याचा वैमानिक न्यायाधीशाला ठणकावायचा, "सायेब, चूक तुम्हनी शे, मन्ही नही! तुम्हना माणूस धुक्यामा चुकना, त्याले मी काय करू?" मैदानभर हशा उठायचा, कारण तो आवाज माझा असायचा. माझ्या आडतीत बसून तो माझे टोमणे गोळा करायचा आणि त्या गोऱ्या माणसाच्या तोंडी घालायचा. जमिनीतली मिरचीची धूळ उडून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण खोकतंय हे कधी कळलं नाही.

हाच सिनेमा दरवर्षी का, असं मी एकदा विचारलं. दुसरा आण, लोक कंटाळतील. तो म्हणाला, "कोनी कटाळत नही. सगळासना घरनं कोनी तरी गयेल शे." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता वाटतं, आपल्या माणसाच्या वेळी कोणी काही विचारलंच नाही, हे प्रत्येकाच्या मनात असतं. ना सुनावणी, ना मुदत. त्या पडद्यावर मात्र एका माणसाला विचारलं जातं, तुला खाली का ठेवायचं ते सांग, आणि त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. एवढं बघायला माणसं गोणपाट घेऊन येत असावीत. मी तर सौद्यातला माणूस, मृत्यूशीही घासाघीस होते हे बघायला मला किती आवडत असेल!

पण पाचव्या डब्यात न्यायाधीश निकाल द्यायला उठतो आणि रीळ संपतं. सहावं रीळ, हनीफच्या सांगण्याप्रमाणे, घरी पहिल्यांदा चालवून बघताना दिव्याच्या उष्णतेने जळालं. म्हणून शेवट तो तोंडी सांगायचा. दिवा बंद करायचा, अंधारात सहाव्या रिकाम्या डब्यावर तीन टिचक्या मारायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "सुटना!" की टाळ्या. त्या जळलेल्या रिळाबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही. एवढा घसा फोडून केलेला सौदा, त्याची या माणसाने माती केली! चारचौघांत बोललो, त्याच्या जावयासमोर बोललो. एक अख्खा हंगाम मी त्याच्याशी अबोला धरला. तो हसून मान खाली घालायचा.

शेवटची भेटही त्यावरूनच बिघडली. शस्त्रक्रियेची तिसरी तारीख मिळाली होती, मी घाबरलो होतो आणि घाबरलो की मी चिडतो. त्याच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "जळण्याआधी तू एकट्याने शेवट पाह्यना ना? मग खरं सांग. तो सुटस का मरस?"

"सुटस."

"तू डोळ्यांनी पाह्यना का?"

 हनीफ हातातल्या मशीनचा पट्टा सैल करत राहिला... मग म्हणाला, "दगडू, चहा पी ल्हे." मी उठलो. "वीस वर्सं खोटं बोली ऱ्हायना तू," असं म्हणून पायरी उतरलो. मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन आला.

त्यानंतर मला दिवसाढवळ्या भीती वाटू लागली. आडतीच्या दारात अनोळखी माणूस उभा राहिला की मी उठून गोण्यांमागे जाई. वाटे, न्यायला आलेला माणूस बाजाराच्या गर्दीत चुकला, माझ्याऐवजी माझ्याबरोबर बसणाऱ्याला घेऊन गेला, आणि आता कचेरीला चूक कळली असेल. बाजारात मी ओळखीच्या लोकांच्या आडोशाने चालू लागलो. हे कोणाला सांगणार? हसले असते. ज्याला सांगितलं असतं तोच नव्हता.

महिन्याने त्याच्या घरी गेलो. हनीफची बायको, भाबी, इद्दतीत आहेत, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्या पडद्याआड बसल्या, मी ओसरीत. मी रिळाचा विषय काढला, आमच्या शेवटच्या भांडणाचं सांगितलं.  मग भाबी म्हणाल्या, "भाईसाब, त्या डबामा कधी काही व्हतंच नही."

भाबींनी सांगितलं ते असं: सुरतेला मी त्या भंगारवाल्याला इतकं बोललो होतो, त्याच्या मालाला इतकी नावं ठेवली होती, की आम्ही समोर चहा प्यायला गेलो तेव्हा त्याने रागाने शेवटचं रीळ काढून घेतलं. हनीफला घरी आल्यावर कळलं. आठवड्याने तो एकटाच परत गेला. भंगारवाला म्हणाला, तुमच्या दोस्ताने पाडलेल्या भावात एवढंच येतं. रीळ तोवर दुसऱ्या भंगाराबरोबर कुठल्या कुठे गेलं होतं. "त्यासनी माले सांगेल व्हतं," भाबी म्हणाल्या, "दगडूले कळू दिऊ नको. तो जनमभर सोताले खात बशी."

म्हणजे हनीफने शेवट पाहिलाच नव्हता. दरवर्षी तो अंधारात उभा राहून स्वतःच निकाल देत होता, आणि माझ्या चुकीचं ओझं स्वतःच्या अंगावर घेऊन माझ्याच शिव्या खात होता. मी तिथे काय बोललो ते आठवत नाही. शबानाने आतून डबा आणून माझ्या हातात दिला. पत्र्याला एका जागी खळगा पडला आहे, त्याच्या बोटाचा.

तो सिनेमा आता फोनवर पुरा मिळतो. माझ्या मुलीने शोधून दिला. त्यात रंग आहेत, आकाश निळं आहे, ते पाहून मला परकं वाटलं. मी न्यायाधीश उठेपर्यंत पाहिला आणि तिथे बोट ठेवून थांबवला. पुढची थोडी मिनिटं बाकी आहेत. ती पाहायची माझी हिंमत नाही. हनीफचा निकाल खोटा निघाला तर मी कोणाच्या भरवशावर आत जाऊ?

येत्या गुरुवारी सुरतेला निघतो आहे, ज्या गाडीने आम्ही रिळं आणायला गेलो होतो त्याच गाडीने. या वेळी तारीख बदलून मागितली नाही. डबा पिशवीत घातला आहे. मी आत गेलो की मुलगी तो बाहेर बाकड्यावर ठेवणार आहे. काल आडतीत कोणी नसताना मी त्याच खळग्यात बोट ठेवून तीन टिचक्या मारून पाहिल्या. आवाज अगदी तसाच आला. त्यानंतर हनीफ क्षणभर थांबायचा, आणि तेवढ्यात अख्खी पथारी श्वास धरून बसायची... मी सध्या त्याच क्षणात बसलो आहे.