पत्त्याच्या पट्टीत दिसलेलं नाव

सुरतेजवळच्या उधन्यातल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंजना १९९१ साली टायपिस्ट म्हणून लागली. तिचे वडील लोटू आबा त्याच कारखान्याच्या रंगखात्यात होते. पारोळ्याकडून सुरतेला आले ते थेट तिथेच, आणि मग दुसरीकडे कुठे गेलेच नाहीत. कापडाचा तुकडा खिडकीशी धरून त्यात निळा किती, लाल किती, पिवळ्याचा थेंब आहे की नाही हे ते नुसत्या नजरेने सांगत. प्रत्येक शेडचा, म्हणजे रंगछटेचा, नंबर आणि तिची कृती त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवली होती. अक्षर असं, की घरात ते फक्त रंजनाला वाचता येई.

कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्या वह्या रंजनानेच आत भरल्या. चार हजारांवर शेड. दोन वर्षं लागली. ते करता करता ती फॉक्सप्रो ही माहिती साठवायची प्रणाली शिकली, छोटे प्रोग्राम लिहायला लागली आणि कॉम्प्युटर खातं म्हणजे रंजनाताई असं झालं. लग्न झालं, नवरा योगराज लूमवर मास्तर, घर माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी ती आणि आबा कारखान्यात चालतच जात. वाटेत आबा फारसं बोलत नसत. तिने कॉम्प्युटरवर काय केलं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि चांगलं केलंस असंही कधी म्हटलं नाही. रंजनाला त्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं. आबांचा स्वभावच तसा, असं ती धरून चालली होती.

१९९९च्या जानेवारीत सरस्वती आली. नांदेडकडची, इंजिनीअर झालेली, वय चोवीस. कोसाडला मावशीकडे राहायची आणि दोन बस बदलून यायची. तिने चार महिन्यांत जुना फॉक्सप्रोचा सगळा साठा नव्या डेटाबेसमध्ये नेला. त्यासाठी वेगळी मशीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं भांडार. त्या डेटाबेसची देखभाल करायला तिने एक टूल बसवलं, जे इंटरनेटच्या पानासारखं ब्राउझरमध्ये उघडायचं. नाव आणि पासवर्ड टाकला की सगळे तक्ते समोर. शेड शोधा, कृती दुरुस्त करा, नवी ऑर्डर घाला. रंजनाने दोन वर्षं खपून जे उभं केलं होतं ते आता माउसच्या चार टिचक्यांवर आलं. कारखान्याचे शेठ येईल त्या पाहुण्याला ते दाखवत आणि सरस्वतीकडे बोट करत.

हे रंजनाने सहन केलं असतं. नवी माणसं येतात, नवं शिकून येतात, हे तिला समजत होतं. पण सरस्वती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन रंगखात्यात जायला लागली. आबांच्या शेजारी बसून विचारायची, काका, हा हिरवा त्या हिरव्याहून वेगळा कसा? आबा तिच्यासमोर तुकडे मांडायचे. एक दिवस रंजना काही कागद घेऊन तिकडे गेली तर आबा खिडकीशी उभे राहून हसत होते आणि सरस्वती कापड डोळ्यांजवळ नेऊन सांगत होती की यात काळा घातलाय, पण अगदी थोडा.

त्या दिवशी घरी आबा रंजनाच्या आईला, कलाबाईला, म्हणाले, "ती पोरले रंगनी नजर शे."

कलाबाईने दुसऱ्या दिवशी सरस्वतीसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा वेगळा बांधून दिला. परगावची पोर, मावशीकडे राहते, म्हणाली. तो डबा रंजनानेच कारखान्यात नेऊन दिला. सरस्वतीने तो उघडून वास घेतला, आणि रंजनाला वाटलं की आपल्या घरातली एकेक वस्तू ही मुलगी सहज उचलून नेते आहे, आणि तेही आपल्याच हातून.

जूनमध्ये शेठनी ठरवलं की रिंगरोडच्या मार्केटमधल्या ऑफिसातूनही ते टूल चाललं पाहिजे. तोवर मार्केटमधून ऑर्डरच्या चिठ्ठ्या टेम्पोबरोबर यायच्या. त्या बंद करून शेडचे नंबर थेट भांडारमध्ये टाकायचे. कारखाना आणि मार्केट टेलिफोनच्या तारेने जोडले. बाहेरच्या कोणी भांडारला थेट हात लावू नये म्हणून सरस्वतीने तिच्यापुढे आणखी एक मशीन ठेवली. मार्केटमधला माणूस त्या पुढच्या मशीनला विचारणार, ती आत जाऊन भांडारकडून पान आणणार आणि त्याच्या हातात देणार. ह्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात हे तिने रंजनाला कागदावर बाण काढून समजावलं. रंजनाला ते पहिल्या बाणालाच समजलं होतं, तरी सरस्वती शेवटपर्यंत सांगत राहिली.

सोमवारी रंजनाला मार्केटमध्ये पाठवलं, तिथल्या योगेंद्रला टूल शिकवायला. योगेंद्र मार्केटचा क्लार्क, बोलका आणि घाईचा माणूस. त्याने पुढच्या मशीनचा पत्ता टाकला. नाव-पासवर्ड विचारणारं पान आलं. ते भरून बटण दाबलं, पडदा थोडा वेळ पांढरा राहिला आणि सर्व्हर सापडत नाही असा निरोप आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी रंजनाची नजर पडद्याच्या वरच्या पट्टीकडे गेली, जिथे पत्ता दिसतो. बटण दाबायच्या आधी तिथे पुढच्या मशीनचं नाव होतं. दाबल्यावर तिथे भांडार आलं होतं.

तिला सगळं लख्ख कळलं. लॉगिन झाल्यावर टूल ब्राउझरला सांगत होतं की आता अमक्या पत्त्यावर जा, आणि तो पत्ता स्वतःच्या आतल्या नावाने देत होतं. पुढे आणखी एक मशीन उभी आहे याची त्याला खबरच नव्हती. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर भांडारला ओळखत, त्यामुळे तिथून ते चालायचं. मार्केटमधल्या कॉम्प्युटरला भांडार हे नावच ठाऊक नव्हतं. पुढच्या मशीनला एवढंच सांगायला हवं होतं की आतून आलेल्या पत्त्यात भांडारचं नाव काढ आणि तुझं घाल.

"काय झालं, ताई?" योगेंद्रने विचारलं.

"काय माहीत," रंजना म्हणाली. "सरस्वतीला विचारा. तिचं काम आहे."

ती रिक्षाने उधन्याला परतली. वाटेत तिला आपल्या तोंडातून गेलेल्या शब्दांची लाज वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

पुढचे तीन दिवस सरस्वती तेच करत बसली. तिच्या टेबलावरून ते टूल प्रत्येक वेळी उघडायचं. तिने योगेंद्रला फोन करून पडद्यावर काय लिहून येतं ते विचारलं. त्याने निरोप वाचून दाखवला, वरचा पत्ता वाचला नाही, कारण तिने तो विचारला नव्हता. सर्व्हर सापडत नाही म्हणजे पहिल्या पानानंतर तार मध्येच तुटते, असं तिने धरलं. मोडेम बदलला. पुढची मशीन दहा वेळा बंद-चालू केली. पासवर्ड नवे केले, डेटाबेसच्या परवानग्या तपासल्या. तिला स्वतः मार्केटला जायचं होतं, पण त्या आठवड्यात रंगखात्यात कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीन बसत होती आणि शेठ तिला सोडत नव्हते. तिचे डोळे तारवटले. ती जेवायला रंगखात्यात गेली नाही. रंजना शेजारच्या टेबलावरून ते सगळं बघत होती. बुधवारी शेठनी तिला विचारलं की तुम्हाला यातलं काही कळतं का, तेव्हा ती म्हणाली की मी जुन्या पद्धतीची माणूस, मला यातलं कुठलं कळायला? शेठनी मान हलवली आणि सरस्वतीकडे नाराजीने पाहिलं. ती नजर रंजनाला दिवसभर पुरली.

टूल चालत नव्हतं आणि चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या, म्हणून योगेंद्र शेडचे नंबर रंगखात्यात फोनवरून सांगत होता. फोन आबा घेत. गुरुवारी त्याने एका ऑर्डरसाठी चौदाशे सात सांगितलं. मागे मशीनची घरघर. आबांनी चौदाशे साठ ऐकलं. शुक्रवारी सकाळी चाळीस तागे कापड रंगून बाहेर आलं, ते जांभळ्याऐवजी मोरपंखी.

शेठ सगळ्यांसमोर आबांना बोलले. फार नाही, पण आजवर त्या माणसाला कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आबांनी ऐकून घेतलं. योगेंद्रने नीट सांगितलं नसेल असंही ते म्हणाले नाहीत.

शनिवारी सकाळी कारखान्यात जाताना आबा वाटेत थांबले.

"माले आते बराबर आयकू येस नही," ते म्हणाले. "मीच शेठले सांगस, आते घर बसस."

ते मोठ्या आवाजात बोलत होते, बहिऱ्या माणसासारखं, जणू एका रात्रीत त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. तिने त्यांना सांगितलं की आज शेठकडे जाऊ नका, दुपारपर्यंत थांबा. मग ती भरभर पुढे गेली.

सरस्वती आधीच येऊन बसली होती. रंजनाने तिला मार्केटला फोन लावायला सांगितलं आणि म्हणाली, योगेंद्रला वरच्या पट्टीतला पत्ता वाचायला सांग. योगेंद्रने वाचला. सरस्वतीने फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. मग पुढच्या मशीनच्या फाइलमध्ये तिने एक ओळ वाढवली, मशीन पुन्हा सुरू केली.

"तुम्हाला कधी कळलं, ताई?" तिने पडद्याकडे बघतच विचारलं.

"सोमवारी."

रंजनाला वाटलं होतं सरस्वती रडेल किंवा शेठकडे जाईल. तिने तसं काही केलं नाही, योगेंद्रला पुन्हा फोन लावला. आता टूल उघडत होतं, पण दुसऱ्या टिचकीला पुन्हा पासवर्ड मागत होतं. यातलं रंजनाला खरंच काही कळेना. सरस्वतीने पंधरा मिनिटांत ते शोधलं. लॉगिन झाल्याची खूण टूल आपल्या आतल्या मार्गासाठी देत होतं, बाहेरचा मार्ग वेगळा होता, म्हणून ब्राउझर ती खूण परत दाखवत नव्हता. तिने तो मार्ग बदलला आणि योगेंद्र पलीकडून म्हणाला की चाललं. रंजनाच्या मनात पुन्हा तेच आलं, हे मला कधी सुचलं नसतं. इतकं सगळं होऊनही तेच आलं, याचंच तिला वाईट वाटलं.

दुपारी ती शेठच्या केबिनमध्ये गेली आणि सोमवारपासूनचं सांगून टाकलं. शेठनी तिला महिनाभर मार्केटच्या ऑफिसात बसवलं, योगेंद्रच्या हाताखाली. त्याहून अवघड होतं आबांना सांगणं. माहेरी आबा चहा पीत बसले होते. रंजनाने उभ्या उभ्याच सांगितलं की तुमच्या कानाचा दोष नव्हता, फोन लावायची वेळच यायला नको होती, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

"का बरं?" आबांनी विचारलं.

"तुम्ही तिला रंग शिकवला. मला कधी शिकवला नाही."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू कधी मांगंच नही, बेटा. माले वाटनं तुले रंगसना वास आवडस नही."

तेवढंच. ते रागावले नाहीत, पण दोन आठवडे तिच्या घराकडे फिरकलेही नाहीत. कारखान्याच्या डॉक्टरने त्यांचे कान तपासले तेव्हा डावा कान खरंच अर्धा गेलेला निघाला, इतक्या वर्षांच्या मशीनच्या आवाजाने. त्यामुळे रंजनाने कबूल करूनही त्यांचं दुःख पूर्ण फिटलं नाही. कामावर मात्र ते राहिले. फोन दुसरा कोणी घेऊ लागला.

मार्केटमधून परत आल्यावर रंजना जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यात जाऊ लागली. आबा खिडकीशी तिच्यासमोरही तुकडे मांडत. सरस्वतीही असे. ती रंजनाशी कामापुरतं बोलायची, पूर्वीसारखं नाही, पण सरकून जागा करून द्यायची. रंजना तुकडा धरून सांगायची आणि बहुतेक वेळा चुकायची. थोडा काळा तिला दिसायचाच नाही. आबा मान हलवून तोच तुकडा सरस्वतीकडे देत आणि ती बरोबर सांगायची. ते ऐकताना रंजनाला अजूनही सलायचं. तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती तिथेच जाऊन बसायची.