मामांनी सांडलेला चहा

माझ्या नवऱ्याच्या मामांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात: जुळलेली आणि जुळायची. तिसरा प्रकार देवानं घडवलेलाच नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. आणि साठी उलटून गेली तरी स्वतः लग्न न केलेला माणूस हे मत इतक्या ठामपणे कसं मांडू शकतो, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते मेंटेनन्सचे फोरमन आहेत. दिवसभर पंप, व्हॉल्व्ह आणि पाइप जुळवतात, आणि संध्याकाळी कोकणातली, मुंबईतली, अगदी नाशिक-नागपूरकडचीसुद्धा मुलं आणि मुली. सोहारपासून मस्कतपर्यंतच्या पट्ट्यात जेवढे मराठी संसार आहेत, त्यांतल्या निम्म्या घरांतून दिवाळीचा पहिला फोन मामांना जातो. उरलेल्या निम्म्यांना मामा स्वतः करतात, कारण तिथं कुणी भाचा-पुतण्या वयात आलाय का ते बघायचं असतं.

दर गुरुवारी संध्याकाळी कारखाना सुटला की मामा आपल्या जुनाट पिकअपमधून आमच्याकडे, मस्कतजवळच्या अल हैलला निघतात. वाटेत सहमला थांबून सुरमई घेतात. ती घेताना मासेवाल्याशी हिंदी, अरबी आणि मालवणी अशा तिन्ही भाषांत भांडतात आणि तिन्हींत हरतात. आल्या आल्या पिशवी माझ्या हातात, चपला दारात, आणि फोन स्पीकरवर. "होय ओ, मुलगो चांगलो असा, पण घर बघूक व्हया!" हे वाक्य आमच्या गॅलरीतून इतक्या वेळा इतक्या मोठ्यानं गेलंय, की खालच्या मजल्यावरचे केरळी शेजारीही आता ते बिनचूक म्हणून दाखवतात.

तर हे 'घर बघणं' म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. मामा पत्रिका बघत नाहीत, पगार विचारत नाहीत. ज्या घरात मुलगी द्यायची किंवा ज्या घरातून आणायची, तिथं जातात, चहा घेतात आणि तो सांडतात. चुकून नव्हे हं! ठरवून सांडतात. आधी चहा समोर ठेवून त्यावर साय धरेपर्यंत गप्पा मारतात, कारण कुणाला भाजता कामा नये. कोमट झाला की कोपर असं काही लागतं, की निम्मा कप टेबलक्लॉथवर, सोफ्यावर, जमलंच तर यजमानांच्या पँटवर. मग मामा "अरे देवा" म्हणतात आणि डोळे बारीक करून बघत बसतात. कोण धावतं, कोण हसतं, कोण बायकोवर खेकसतं. "पाव्हण्यासमोर सगळेच गोड," ते म्हणतात. "नुकसान झाल्यार माणूस कळता."

मला हे माहीत असण्याचं कारण म्हणजे आमच्या ठाण्याच्या घरातही तो सांडलाय. मला बघायला आले तेव्हा मामा सुट्टीवर भारतात आले होते. आईनं स्वतः भरतकाम केलेला टेबलक्लॉथ खास त्या दिवसासाठी काढला होता, आणि मामांनी त्याच्या बरोब्बर मध्यभागी, मोराच्या पिसाऱ्यावर, चहा ओतला. आई क्षणभर पांढरी पडली आणि मग म्हणाली, "अहो, डाग काय, धुतला की जातो. तुम्हाला लागलं नाही ना?" त्याच रात्री होकार आला. डाग मात्र आजतागायत गेलेला नाही. तो टेबलक्लॉथ लग्नानंतर माझ्याबरोबर ओमानला आला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसला.

अशा माणसाचा आणि भालाफेकीचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण आमची लेक जुई बारावीत गेली. जुई भाला फेकते. आमच्या दोन्ही घराण्यांत याआधी कुणी रागाच्या भरात चप्पलसुद्धा लांब फेकलेली नाही, त्यामुळे हे कुठून आलं देव जाणे. पण शाळेच्या मैदानावर तिच्या ओमानी सरांनी एकदा तिच्या हातात भाला दिला आणि पोरगी वेडी झाली. तिला अमेरिकेतल्या कॉलेजात शिकायचं होतं, तिथल्या टीममध्ये फेकायचं होतं. आणि तिथं असं असतं, की कॉलेजच्या कोचला तुम्ही पटलात तर शिष्यवृत्ती मिळते. ती मिळाली नाही, तर अमेरिका आमच्या आवाक्यातली नव्हती. हे जुईला माहीत होतं, म्हणूनच ती बोलायची कमी आणि फेकायची जास्त.

तिनं एकटीनंच दिसेल त्या कोचला ई-मेल पाठवला होता. सगळ्यांना एकच मजकूर, फक्त वरचं कॉलेजचं नाव बदलायचं. उत्तर कुणाचंच येईना. पोरगी रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल बघायची आणि तोंड पाडून शाळेत जायची. शेवटी एक उत्तर आलं, ते असं, की तुझा मेल मिळाला, पण त्यात कॉलेजचं नाव दुसऱ्याच कुणाचं आहे, त्यांना शुभेच्छा.

तो गुरुवार होता. मामांनी सुरमई खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "एका घरात दुसऱ्या घराचा नाव? चेडवा, अशान तुझा लग्नसुद्धा होवचा नाय!"

"मामाआजोबा, हे मॅरेज नाहीये," जुई कळवळून म्हणाली.

"तर मगे काय असा?"

त्या दिवसापासून मामांनी सूत्रं हातात घेतली.

पहिला हुकूम असा, की आधी त्या घरात जागा आहे का ते बघायचं. ज्या टीममधली भाला फेकणारी मुलगी यंदा शिकून बाहेर पडणार, तिथंच विचारायचं. जिथं आधीच दोन सुना नांदतायत तिथं तिसरी कशाला धाडायची? दुसरा हुकूम, प्रत्येक पत्र वेगळं. तिसरा, पत्र जुईनंच लिहायचं, आईबापांनी मध्ये लुडबुड करायची नाही. हे माझ्याकडे बघून सांगण्यात आलं. माझ्या नवऱ्यानं इंटरनेटवर शोधाशोध केली तर तिथले जाणकारही हेच सांगत होते. त्यानं ते मामांना सांगितलं, तर मामा म्हणाले, "तेंच्यात पण कोणतरी शाणो असतलो."

मग व्हिडिओ. एका शुक्रवारी पहाटे भाला मामांच्या पिकअपवर बांधून, मागे बाहेर आलेल्या टोकाला पाइपला बांधतात तसं लाल फडकं लावून आम्ही बर्काच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानाकडे निघालो. वाटेत पोलिसानं थांबवलं. मामा खाली उतरले, छाती फुगवली आणि आपल्या खास अरबीत म्हणाले, "अर्बाब, हादा रियाधा! बिन्त माल अना, चॅम्पियन!" साहेब, हे खेळाचं आहे, ही माझी मुलगी, चॅम्पियन, असा त्याचा अर्थ. पोलिस गडी हसला, भाला हातात घेऊन तोलून बघितला, जुईला "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणाला. मामांनी तेवढ्यात त्याचं लग्न झालंय का ते विचारून घेतलं. मैदानावर मामांनी स्वतःच्या फोनवर शूटिंग केलं आणि घरी येऊन बघतो तर काय, एकाही फेकीत भाला कुठं पडला ते दिसत नाही! भाला हातातून सुटला की कॅमेरा थेट जुईच्या चेहऱ्यावर.

"मामा, भाला कुठाय?" नवरा ओरडला.

"भालो काय बघूचो? पोरगी बघ. कशी हसता ती!"

नशीब, नवऱ्यानंही दुसऱ्या बाजूनं शूटिंग केलं होतं. तेच पाठवलं.

आणि खरंच उत्तरं यायला लागली. त्यांतून दोन घरं पक्की उरली. एक मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजचे कोच. त्यांचे खेळाडू टीव्हीवर दिसतात. दुसऱ्या एक बाई, अशा गावातल्या कॉलेजच्या, की नकाशावर चारही बाजूंना नुसती मक्याची शेतं. अर्थात आमचा जीव पहिल्यात अडकला होता. त्यांनीच आधी व्हिडिओ कॉलची वेळ दिली. त्यांची सकाळ, आपली संध्याकाळ, आणि वार नेमका गुरुवार.

मी मामांना बजावलं होतं, "तुम्ही गॅलरीत बसायचं. खोलीत यायचं नाही." ते हो म्हणाले. कॉल छान चालला होता. जुई न अडखळता बोलत होती, कोच मान डोलावत होते, मी दाराआड देव पाण्यात ठेवून उभी होते. एवढ्यात मामा माझ्या शेजारून चहाचा कप घेऊन शांतपणे आत गेले. मी कपात बघितलं. साय धरली होती! मी हात पुढे करेपर्यंत कोपर लागलंसुद्धा. चहा टेबलावर, जुईच्या कागदांवर, लॅपटॉपच्या कडेला. जुई किंचाळली, मामा "अरे देवा" म्हणाले, आणि पडद्यावरच्या गृहस्थांचा चेहराच पालटला. मला मोजका वेळ आहे, हा कोण माणूस, याला आधी बाहेर काढा, असं ते तुटकपणे म्हणाले. जुई सॉरी सॉरी म्हणत पुसत होती. त्यांनी घड्याळ बघितलं, नंतर कळवतो म्हणाले आणि कॉल बंद केला. नंतर काही त्यांनी कळवलं नाही.

जुई खोलीत जाऊन कडी लावून रडली. आणि मी, जिनं सासरच्या मोठ्या माणसाला आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं, मी मामांना नाही नाही ते बोलले. तुमचा खेळ होतो आणि पोरीचं आयुष्य जातं, म्हणाले. दोन वर्षं उन्हात राबलीय ती, म्हणाले. पुढच्या आठवड्यात येऊ नका, असंसुद्धा म्हणाले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. चपला घालताना एवढंच म्हणाले, "सूनबाई, उद्या भालो नाय गेलो, पोरगी हरली, तर तो तिका काय बोलतलो? थंय तू नाय, मी नाय."

"खलास, मामा," मी म्हटलं. "पुरे आता."

पुढचा गुरुवार सुरमईविना गेला. मक्याच्या शेतातल्या बाईंचा कॉल त्याच संध्याकाळी होता. मामा सोहारलाच होते. खोलीत जुई एकटी, टेबल कोरडं ठणठणीत, लॅपटॉपजवळ फक्त पाण्याचा ग्लास. मी दाराच्या फटीतून बघत होते. बोलणं बरं चाललं होतं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लेकीनं सावकाश कोपर बाजूला सरकवलं आणि ग्लास आडवा केला. ती ओरडली नाही की हलली नाही. नुसती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत बसली. अस्से मामा दिसले मला तिच्यात!

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "अगं, लॅपटॉप उचल आधी! भिजलीस का? जा, पुसून ये निवांत, मी आहे इथंच." जुई फडकं घेऊन परत आली तर बाई आपल्या शर्टावरचा कॉफीचा ताजा डाग दाखवत होत्या. त्या सकाळी त्यांचाही मग सांडला होता म्हणे. मग दोघी जणी इतक्या हसल्या, की भाल्याचं बोलणं बाजूलाच राहिलं.

कॉल संपल्या संपल्या जुईनं मामांना फोन लावला. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मामाआजोबा, मी पाणी सांडवलं. मुद्दाम. घर चांगलं आहे."

पलीकडून मामा म्हणाले, "मगे, पेढे हाडू काय?"

शिष्यवृत्ती तिथलीच मिळाली. मामांना मी फोन करून माफी मागितली, तर म्हणाले, "कसली माफी गो? सुरमई की पापलेट, ता सांग." ऑगस्टमध्ये जुई गेली. विमानतळावर आम्ही सगळे रडलो, मामा सोडून. ते सामानाच्या रांगेत कुठल्याशा नाशिकच्या मुलाची चौकशी करत होते.

परवाच्या गुरुवारी जुईचा फोन आला. तिची तिथली पहिली मोठी स्पर्धा होती. तिन्ही फेकी फाउल झाल्या. आवाज एवढासा झाला होता तिचा. मामांनी फोन ओढून घेतला आणि एकच विचारलं, "बाई काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, मामाआजोबा. माझ्याजवळ बसली. आणि चहा आणला. एकदम वाईट चहा होता." ती रडता रडता हसली. "मी पूर्ण प्यायला."

मामांनी फोन माझ्याकडे दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. फोन झाल्यावर मी त्यांचा चहा तिथंच नेऊन दिला. आणि एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. "मामा, तुम्ही स्वतःसाठी कधी घर बघितलं नाहीत?"

ते समुद्राच्या दिशेला बघत होते. "एकदाच गेललंय मुलगी बघूक, माझ्या बापाशीवांगडा. तिच्या हातसून चाय सांडली, बापाशीच्या धोतरार. बापूस तिच्यार असो ओरडलो... ती कावरीबावरी झाली. आणि मी मान खाली घालून बसलंय. उठाक नाय, बोलाक नाय." मग म्हणाले, "दुसऱ्या दिसा तिच्या बापाशीन नकार धाडल्यान. शाणो माणूस."

मी आत गेले, कपाटाच्या वरच्या फळीवरून आईचा टेबलक्लॉथ काढला, मोराच्या पिसाऱ्यावरच्या डागासकट टेबलावर अंथरला आणि मामांना आत बोलावून त्यावर त्यांचा कप ठेवला. सांडू दे म्हटलं काय सांडायचं ते. पण मामांनी तो डाग बघितला, त्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि कप दोन्ही हातांनी धरून, जपून, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला.