इंजिनाची ओटी

दसऱ्याच्या सकाळी पुण्याहून पहिल्या गाडीत बसले, तेव्हा मांडीवर पूजेचं ताट होतं आणि अंगात मावेल त्याहून जास्त शहाणपण. सतरा वर्षांची होते, सहा इयत्ता शिकले होते, आणि आता शिकायचं काही उरलंच नाही अशी खात्री होती. ती मुलगी आज समोर आली, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग पोट धरून हसेन.

शेजारी 'हे' बसले होते. लग्नाला चार महिने झाले होते, पण सासरी दोन खोल्यांत अकरा माणसं. नवरा दिसायचा तो पंगतीत, पाठमोरा. यांना तेलाच्या इंजिनांचं काम येत असे. लोणावळ्याच्या एका शेटजींनी बंगल्यात विजेच्या दिव्यांसाठी डिझेलचा जनरेटर बसवला होता आणि निरोप धाडला होता : दसऱ्याला चारच्या गाडीने पाहुणे घेऊन येतो. दिवे लागले तर नोकरी तुमची, वर बंगल्यामागची खोली राहायला. नाही लागले तर आपला गॅसबत्तीवालाच बरा.

खोली! दोघांना अख्खी एक! तळेगाव येईपर्यंत मी तिच्यात चूल मांडून, दोरी बांधून, धुणं वाळतही घातलं होतं.

कामशेतला फलाटावर तांदळाच्या पोत्यांची थप्पी होती. तिला टेकून बसलेल्या एका म्हातारीने ताट पाहून विचारलं, "कुटं निघालीस गं?"

"लोणावळ्याला. आमचं इंजिन आहे तिथे."

"आगं बया! सोताचं?"

"हो," मी म्हटलं. यांनी लगेच मान फिरवून डोंगर बघायला घेतले. डोंगर बघण्यासारखे होतेच म्हणा. मळवलीशी लोहगड ढगात निम्मा बुडाला होता आणि खाली आंबेमोहोराची खाचरं अशी घमघमत होती, की डब्यातल्या सगळ्यांनाच भूक लागली.

लोणावळ्याला उतरून गुडदाणी (गूळ-शेंगदाण्याची वडी) घेतली. ती इतकी चिवट, की बंगला येईपर्यंत मला तोंड उघडता आलं नाही. यांना लोणावळं फार आवडलं.

बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोपटात इंजिन होतं. काळंभोर, माझ्या छातीला लागेल एवढं चाक, अंगाला तेलाचा वास. "मी तेलाचा डबा घेऊन येतो, तोवर पूजा करून ठेव," म्हणून हे गेले.

हळदकुंकू झालं, आपट्याची पानं वाहिली, झेंडूची माळ घातली. मग मला वाटलं, नवं घर इंजिनच देणार, म्हणजे ही देवीच; ओटी नको का भरायला? पण इंजिनाला पदर कुठला? शोधता शोधता एक वाकडी नळी दिसली, तोंड उघडं टाकून. मी खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं आणि ते गाठोडं त्या तोंडात नीट दाबून बसवलं. नारळ मावेना म्हणून खाली ठेवला. मावला असता तर तोही गेला असता. वरून माळ सारखी केली आणि लांब उभी राहून स्वतःवरच खूष झाले.

हे आले, तेल भरलं, हँडल मारलं. भक्, भक्, भक्... काळा धूर, आणि गप्प.

पुन्हा मारलं. भक्, भक्, गप्प.

यांनी टाकी पाहिली, तोटी पाहिली, तेलाच्या नळीतली हवा काढली, नोझल खोलून पुसलं. सगळं ठीक. दर वेळी दोन-तीन उचक्या नि मौनव्रत. बारा वाजले, दोन वाजले. यांचा सदरा पिळण्याजोगा झाला. आणि मी सल्ले देत होते. "अहो, तोंड दक्षिणेला आहे त्याचं. फिरवून बघा ना."

"तीस मण आहे ते," हे म्हणाले.

एकदा यांनी माळेकडे हात नेला, तर मी ओरडलेच, "केलेली पूजा हलवायची नाही हं!" बिचाऱ्यांनी हात मागे घेतला.

इंजिन गार ठेवायच्या टाकीत पाणी भरायला ठकूमावशी नावाची बाई येत होती. वरच्या डोंगरवाडीची, एरवी कोळशाच्या भट्ट्या लावणारी. हंडा टेकवून ती म्हणाली, "मेस्तरी, दिष्ट लागली आसंल."

एवढंच हवं होतं. मी मिरच्या-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका असा उठला, की तिघांच्याही डोळ्यांना धारा. यांनी खोकत खोकतच हँडल फिरवलं. भक्, भक्, गप्प.

ठकूमावशी मात्र पदर नाकाला लावून धुराकडेच बघत होती. "मेस्तरी, ह्यो हवा कुटनं घेतो?"

"त्या नळीतून."

"मंग धूर तिकडं वढ खाईना कसा? नळीम्होरं निस्ता लोंबकळतोय. आमच्या भट्टीचं भोक बुजलं की आसंच व्हतं. लय काळं वकती आन् इजती."

यांनी नळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा बहुधा त्या नळीपेक्षा जास्त उघडा पडला होता. मी पुढे झाले, माळ उचलली, गाठोडं धरून ओढलं. पक्कन आवाज करून ते बाहेर आलं.

"हे काय आहे?" यांनी विचारलं.

"ओटी," मी म्हटलं.

ठकूमावशी हंड्यावर हात ठेवून खाली बसली आणि हसली ती हसलीच. "आगं, त्याला कशापायी? मला भर की!" मग तिथेच, त्याच काळ्या पडलेल्या खणाने, नारळासकट तिची ओटी भरली.

पुढच्या हँडलला इंजिन जे धडधडलं, ते पत्रे हलवीतच. चार वाजून गेले होते. शेटजी पाहुण्यांसह फाटकातून आले, तेव्हा भर उजेडात दिवाणखान्यातले सगळे दिवे लागलेले.

"काही अडचण?" त्यांनी विचारलं.

"श्वास जरा कोंडला होता," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका शब्दाने खापर माझ्यावर फोडता आलं असतं. चार महिन्यांत ओळख झाली नव्हती या माणसाची, ती त्या वाक्यात झाली.

"ठीक. खोली झाडून घ्या," शेटजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भांडी आणायला पुण्याला परतलो. परतीच्या वाटेवर तळेगाव गेलं तरी मी तोंडातून शब्द काढला नाही. हे दोनदा म्हणाले, "बरं वाटत नाही का?" अख्ख्या प्रवासात मी एवढंच शिकले, की शहाणपण कोंबून बसवायचं नसतं. तेही घरच्या पायरीपर्यंत टिकलं.

कारण दारातच सासूबाईंनी विचारलं, "काय गं, तू काय केलंस तिथे जाऊन?"

"मी?" पदर सावरत मी म्हटलं. "मी इंजिन चालू केलं."

मागे हे इतके खोकले, की सासूबाईंनी त्यांना आल्याचा काढा पाजला.